काळ्या जमिनीवर सिमेंट ब्लॉकचा उंच वाफा मालात बांधावा की कोरडाच रचावा?

सोलापूरजवळच्या आपल्या घराच्या अंगणात भाजीपाल्यासाठी आतून 8 फूट लांब आणि 4 फूट रुंद असा उंच वाफा करायचा आहे, गवंडी तो सिमेंटच्या मालातच बांधायचे म्हणतात, तर ते खरोखर गरजेचे आहे का, असे आपण विचारले आहे. वाफ्याची उंची दीड फुटाच्या आत ठेवणार असाल, तर माझ्या मते ब्लॉक कोरडेच रचावेत.

आपल्याकडची काळी जमीन पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आकसून तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. घराचा पाया खोल नेऊन ही हालचाल टाळता येते, परंतु वाफ्यासाठी तेवढे खोदकाम कोणी करत नाही. त्यामुळे उथळ पायावर मालात बांधलेली भिंत एकदोन पावसाळ्यांत कोपऱ्यातून तडकते आणि तो तडा बुजवला तरी पुढच्या वर्षी शेजारी नवा उमटतो. कोरडी रचाई जमिनीबरोबर थोडी वरखाली होते, पण फुटत नाही. आमच्या परसातल्या वाफ्याची एक बाजू पावसाळ्यानंतर बोटभर खचली, तेव्हा वरचे ब्लॉक उतरवून, खालच्यांना पहारीने उचल देऊन, त्यांच्याखाली मूठमूठ कच (दगडाचा बारीक चुरा) सारून सकाळच्या कामात ती पुन्हा सरळ करता आली. मालातल्या भिंतीला हा उपाय नाही.

आतली माती ब्लॉक ढकलून देईल ही गवंड्यांची शंका रास्त आहे. मात्र 16 इंच उंचीच्या मातीचा आडवा दाब फार नसतो, आणि 400 × 200 × 200 मिलिमीटरचा भरीव ब्लॉक 35 किलोच्या आसपास भरत असल्याने तो स्वतःच्या वजनावर हा दाब तोलतो. म्हणून 4 इंची स्वस्त ब्लॉक घेऊ नयेत, 8 इंचीच घ्यावेत. पांढरे हलके एएसी ब्लॉक तर या कामाला मुळीच नकोत, कारण ते पाणी शोषतात आणि सतत ओल्या मातीला लागून राहिले की झिजू लागतात. उंची दोन फुटांच्या वर न्यायची असेल, तर मात्र गवंड्यांचेच ऐकावे आणि काँक्रीटचा पाया घ्यावा.

आपण निवडलेले माप या ब्लॉकला फार सोयीचे आहे. पहिल्या थरात लांब बाजूंना सात-सात ब्लॉक लावून त्यांच्या मध्ये आडव्या बाजूंना तीन-तीन बसवावेत. दुसऱ्या थरात आडव्या बाजूंना चार-चार आणि त्यांच्या मध्ये लांब बाजूंना सहा-सहा लावावेत. अशा रीतीने प्रत्येक थरात 20 आणि एकूण 40 ब्लॉक लागतात, कोपरे एकमेकांत आपोआप गुंततात, सांधेमोड साधते (वरचा सांधा खालच्या सांध्यावर येत नाही) आणि एकही ब्लॉक फोडावा लागत नाही. त्यापूर्वी ब्लॉकच्या रेषेखाली फूटभर रुंद आणि सहा ते नऊ इंच खोल चर खणून त्यात मुरूम भरावा, पाणी मारून धुमसाने ठोकावा आणि वर दोन इंच कच पसरून दोरी व पाण्याच्या नळीने पातळी घ्यावी. सगळा वेळ इथेच घालवावा, कारण पहिला थर समपातळीत बसला की दुसरा अर्ध्या तासाचे काम आहे.

तळाला कोबा करू नये. खालची जमीन टिकावाने वीतभर मोकळी करून तशीच उघडी ठेवावी, म्हणजे मुळे खाली उतरतील आणि पाण्याचा निचराही होईल. वाफा घराच्या भिंतीला चिकटवू नये, नाहीतर भिंतीला ओल धरेल.

नव्या सिमेंटमधून काही काळ चुना पाझरतो आणि आपल्या भागातली माती बहुधा आधीच चुनखडीयुक्त असते. अशा मातीत झाडाला लोह मिळेनासे होऊन कोवळी पाने शिरा हिरव्या ठेवून पिवळी पडतात. यासाठी ब्लॉक निदान महिनाभर पाणी मारून मुरलेले घ्यावेत आणि भरावाला अंगणातली माती न वापरता पोयटा व चांगले कुजलेले शेणखत दोनास एक या प्रमाणात घ्यावे. वाफ्यात सुमारे 43 घनफूट, म्हणजे अर्ध्या ब्रासहून (एक ब्रास म्हणजे 100 घनफूट) थोडा कमी भराव मावतो. तो काठोकाठ भरावा, कारण पहिल्या काही पाण्यांतच दोन-तीन इंच बसतो.

हे काम दिवाळीनंतर काढावे. तेव्हा जमीन पुरती फुगलेली नसते आणि भेगाळलेलीही नसते, त्यामुळे घेतलेली पातळी बरीच टिकते, आणि भराव बसल्यावर मेथी, पालक, कोथिंबीर लगेच पेरता येते.