घराचा रेट कशाला विचारताय?

"मॅडम, घराची किंमत पडली. आता आमचं कसं होणार?" मी बेळगावात समुपदेशक म्हणून काम करते आणि हा प्रश्न सध्या माझ्याकडे सगळीकडून येतो. शहापूरच्या गल्लीतून, भाग्यनगरातल्या अपार्टमेंटमधून, खानापूर-निपाणीकडूनही. माणसं येतात ती वेगळंच कारण सांगत. कुणाला झोप लागत नाही, कुणाच्या घरी नवरा-बायकोत अबोला आहे, कुणाला डॉक्टरांनी बीपीच्या गोळीबरोबर माझा नंबर दिलेला असतो. थोडं बोलणं झालं की खाली हा प्रश्न सापडतो.

त्यांची काळजी खोटी नाही. ऑक्टोबर 2023 मध्ये कर्नाटक राज्यानं मार्गदर्शक दर, म्हणजे खरेदीची नोंदणी ज्यावर होते ते सरकारी किमान भाव, वाढवले. 2024 पासून ई-खाता, म्हणजे मालमत्तेचा ऑनलाइन उतारा, असल्याशिवाय सबरजिस्ट्रारकडं कागद होत नाही. ऑगस्ट 2025 च्या अखेरीस नोंदणी शुल्क 1 टक्क्यावरून 2 टक्के झालं. घेणारा दहा वेळा विचार करतो आणि विकणारा वाट बघत बसतो. त्यातच ज्यांनी 2020-21 च्या स्वस्त व्याजाच्या काळात कर्ज काढलं, त्यांना पुढं चांगलाच चटका बसला. मे 2022 ते फेब्रुवारी 2023 या काळात रिझर्व्ह बँकेचा रेपो दर 4 वरून 6.5 टक्क्यांवर गेला आणि त्यामागोमाग घरकर्जाचं व्याज चढलं. तर एका जोडप्याची हकिगत सांगते. दोघांना विचारूनच लिहितेय, ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

गृहस्थ पंचेचाळिशीचे. उद्यमबागला त्यांचं छोटं वर्कशॉप, मोठ्या कारखान्यांची जॉबवर्क करतात. 2021 मध्ये पिरनवाडीकडं घर बांधलं, 28 लाखांचं कर्ज, वीस वर्षांची मुदत, 7 टक्के व्याज, हप्ता पावणेबावीस हजारांच्या आत. व्याज साडेनऊवर गेलं तेव्हा तो हप्ता जवळजवळ सगळा व्याजातच जिरायला लागला, मग बँकेनं तो 26 हजार केला. तिकडं ऑर्डरी रोडावल्या होत्या.

पहिल्या भेटीत ते तासभर रेटबद्दलच बोलले. कोपऱ्यावरचं घर कितीला गेलं, मागच्या लाइनीतलं अजून का जात नाही, एजंट काय म्हणतो. दर रविवारी सकाळी एजंटला फोन करायचा हा त्यांचा नेम होता.

मी विचारलं, "घर विकायचंय तुम्हाला?"

"छे, विकतो कशाला? राहतोय की तिथं."

"मग रेट कशाला विचारता?"

ते माझ्याकडं बघत राहिले. "कळायला नको का, मॅडम, आपण किती बुडालो ते?"

माझी बैठक अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या विचारांची आहे. घटना माणसाला जेवढा त्रास देते, त्याहून किती तरी जास्त त्रास त्या घटनेबद्दल तो स्वतःला जे सांगत राहतो ते देतं, हे एलिस यांनी 1955 पासून मांडलं आणि इतक्या वर्षांच्या कामात मला ते पुन्हा पुन्हा खरं ठरताना दिसलंय. हे गृहस्थ स्वतःला सांगत होते, "मी बुडालो." ज्या घरात राहायचंय त्याचा भाव उतरला म्हणून कुणी बुडत नाही. हप्ता भरता आला नाही तर मात्र बुडतो. या दोन गोष्टींची त्यांच्या मनात गाठ बसली होती, ती सोडवायची होती.

दुसऱ्या भेटीत खरी गोष्ट बाहेर आली. घराशिवाय एक प्लॉटही होता. तीस बाय चाळीसचा, 14 लाखांना घेतलेला, "दोन वर्षांत दुप्पट" या बोलीवर. वडिलांच्या वाटणीचे 6 लाख होते, वरचे 8 लाख एका सोसायटीतून 14 टक्क्यांनी काढले होते. पाच वर्षांची मुदत, महिन्याला 18,600. चुलतभाऊ जामीन राहिला होता. बायकोला यातलं फक्त 6 लाखांचं माहीत. बाकीचे भिशीतून आले असं त्यांनी सांगितलं होतं. आणि खरोखरच भिशीचा नंबर लावून ते गेले काही महिने हप्ते ओढत होते.

"सांगा की मग घरी," मी म्हटलं.

"कुठल्या तोंडानं?"

मी घाई केली नाही. पुढच्या वेळी दोघांनी मिळून यावं आणि घरखर्चाचा हिशेब आणावा, एवढंच ठरवलं.

ताई हिशेबाची वही ठेवत नव्हत्या. त्यांनी स्वयंपाकघरातल्या खिळ्यावरचं कालनिर्णय काढून, गुंडाळी करून पिशवीतून आणलं होतं. मी ते पान टेबलावर पसरलं. निळ्या पेननं त्यांचं अक्षर: दूध दोन दिवस बंद, गॅस आला, 7 तारखेला बँकेचा हप्ता, मुलीच्या क्लासची फी. आणि प्रत्येक रविवारच्या चौकोनात, कोपऱ्यात, पेन्सिलनं बारीक दोन आकडे. वरचा घराचा, लाखांत. खालचा प्लॉटचा, स्क्वेअर फुटाला. 1020, 1000, 980. एका रविवारी नुसती आडवी रेघ. त्या दिवशी एजंटनं फोन उचलला नव्हता.

"हे काय आहे मला कळलंच नव्हतं," ताई म्हणाल्या. "मला वाटलं, वर्कशॉपातल्या जॉबचे नंबर असतील."

मी त्यांना म्हटलं, "या महिन्यात यातल्या ज्या आकड्यानं घरातून पैसे बाहेर गेले, त्याच्यावर बोट ठेवा." त्यांनी दुधावर ठेवलं, गॅसवर ठेवलं, सात तारखेवर ठेवलं, फीवर ठेवलं. मग बोट रविवारपाशी आलं आणि तिथंच थांबलं.

"ह्यानं नाही गेले."

"आणि झोप कुठल्या आकड्यानं गेली?"

"ह्यानंच."

मी जरा वेळ जाऊ दिला. मग विचारलं, "पैसे नेतो, पण या पानावर लिहिलेलाच नाही, असा एखादा आकडा आहे का?"

खोलीत पंख्याचा आवाज तेवढा होता. ताई आधी माझ्याकडं, मग नवऱ्याकडं बघायला लागल्या. मी काही बोलले नाही. अशा वेळी समुपदेशकाला गप्प राहता आलं पाहिजे, आणि हे शिकायला मला बरीच वर्षं लागली आहेत. गृहस्थांनी टेबलावरचं ताईंचं निळं पेन उचललं आणि 10 तारखेच्या चौकोनात लिहिलं: 18,600. पुढं "सोसायटी".

ताईंनी ते दोनदा वाचलं. "जामीन कोण?"

त्यांनी चुलतभावाचं नाव सांगितलं.

"म्हणजे भावाला माहीत, आणि मला नाही." कर्जाबद्दल त्या एक शब्द बोलल्या नाहीत. त्यांना लागलं होतं ते हे. ते त्यांना पूर्ण बोलू दिलं. गृहस्थांनी मान खाली घातली, पण या वेळी उठून गेले नाहीत, कारणं दिली नाहीत. उरलेली सगळी भेट त्यातच गेली आणि ती मी सार्थकी लागली असं मानते.

त्या दिवशी मला जे लख्ख दिसलं ते इतरांच्या बाबतीतही लागू पडताना बघतेय. ज्या आकड्यावर आपला काडीचा इलाज नाही त्याच्याकडं माणूस रात्रंदिवस बघतो, कारण ज्या आकड्यावर इलाज आहे तो उच्चारायची लाज वाटत असते. बाजाराच्या काळजीत कुणाचा दोष नसतो. लपवलेल्या हप्त्यात आपला असतो, किंवा तसं वाटतं. म्हणून मंदीची बातमी वाचायला वेळ असतो आणि पासबुक भरून आणायला नसतो. माझ्याकडे येणाऱ्याला मी आता आधी रेटचे फोन महिनाभर बंद ठेवायला सांगते आणि एका कागदावर फक्त जाणारे पैसे लिहायला सांगते. तोंडानं सांगता येत नसेल तर लिहून दाखवा. लिहिलेला आकडा बोललेल्या आकड्यापेक्षा कमी भीती घालतो, हा माझा अनुभव आहे.

पुढचा अडथळा प्लॉटचा होता. "चौदाच्या खाली देणार नाही," यावर गृहस्थ अडून बसलेले. कानेमन आणि ट्व्हर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी 1979 मध्ये दाखवून दिलं की जेवढ्या रकमेच्या फायद्यानं आनंद होतो, तेवढ्याच रकमेच्या तोट्यानं त्याहून बरंच जास्त दुःख होतं. म्हणून आपण खरेदीची किंमत धरून बसतो. पण बाजारानं आपली खरेदीची किंमत परत दिलीच पाहिजे, असा कुठं करार झालेला नसतो.

मी म्हटलं, "समजा प्लॉट नाहीच. हातात रोख साडेअकरा लाख आहेत, डोक्यावर सोसायटीचं कर्ज आहे. आज हा प्लॉट घ्याल?"

"खुळा आहे का मी?"

"मग रोज सकाळी उठून तुम्ही तो पुन्हा घेताय."

ताईंनी मोबाइलवर हिशेब केला. सोसायटीचे सुमारे साडेपाच लाख राहिले होते, वर्षभर थांबलं तर नुसतं व्याजच 65 हजारांच्या पुढं. "म्हणजे वर्षानं बाराला गेला, तरी आजच्या साडेअकरासारखंच झालं," त्या म्हणाल्या. हे वाक्य माझ्या तोंडून आलं असतं तर त्याला एवढं वजन आलं नसतं.

राहतं घर आणि गुंतवणुकीचं घर किंवा प्लॉट यांना एकाच मापानं मोजू नका, हे मी सगळ्यांना सांगते. राहतं घर धरून ठेवायचं, त्याचा भाव बघायचा नाही. गुंतवणूक महिन्याला पैसे खात असेल आणि तुमची कमाई घटली असेल, तर तिला भावनेनं धरून ठेवू नका. आणि लग्नासाठी म्हणून ठेवलेली 7 टक्क्यांची एफडी एका बाजूला आणि 14 टक्क्यांचं कर्ज दुसऱ्या बाजूला असेल, तर एफडी मोडण्यात पाप नाही. मुलीच्या लग्नाला कर्जमुक्त बाप जास्त उपयोगी पडतो. आरोग्य विमा मात्र बंद पाडू नका.

आपल्या भागात आणखी एक होतं. जामीन नात्यातला असतो, म्हणून लाजेपायी आधी सोसायटी भरतात आणि बँकेचा हप्ता चुकवतात. राहतं घर तारण आहे ते बँकेकडं. बँकेचा हप्ता 90 दिवस थकला की खातं एनपीए, म्हणजे बुडीतकडं गेलेलं, धरलं जातं, त्यानंतर सरफेसी कायद्याखाली, म्हणजे तारण जप्त करायचा अधिकार बँकेला देणाऱ्या कायद्याखाली, 60 दिवसांची नोटीस येते. ती आली म्हणजे दुसऱ्या दिवशी कुलूप लागत नाही. त्या मुदतीत लेखी म्हणणं मांडता येतं आणि बँकेला 15 दिवसांत उत्तर द्यावं लागतं. वसुलीवाल्यांना सकाळी 8 च्या आधी आणि संध्याकाळी 7 नंतर फोन करायला रिझर्व्ह बँकेची मनाई आहे. पण हे सगळं शेवटचं. हप्ता चुकायच्या आधी बँकेत जाऊन बोललात तर ऐकून घेणारा माणूस भेटायची शक्यता जास्त.

कागदांचंही सांगते. आपल्याकडं खरेदीपत्र कन्नडमध्ये, सोसायटीची पावती मराठीत आणि बँकेचं पत्र इंग्रजीत. तिन्ही नीट वाचणारा माणूस घरात असतोच असं नाही, मग पत्रं न उघडता कपाटात जातात. शेजारच्या शिकलेल्या पोराला बसवा आणि वाचून घ्या. त्यात कमीपणा नाही.

आणि घरातलं कुणी "माझ्या विम्यात तरी कर्ज फिटेल" असं सहज बोलून गेलं, तर ते सहज समजू नका. त्या माणसाला एकटं सोडू नका, सरळ विचारा की मरायचे विचार येतात का. विचारल्यानं ते विचार वाढत नाहीत. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर दिवसरात्र, फुकट चालतो, मराठीत आणि कन्नडमध्येही बोलता येतं.

त्या जोडप्याचं म्हणाल तर, ई-खात्याचं काम व्हायला काही महिने गेले. नंतर लागूनच्या प्लॉटवाल्यानंच तो 11 लाख 25 हजारांना घेतला. सोसायटी फिटली, चुलतभाऊ जामिनातून सुटला. सहा महिन्यांचे हप्ते आणि घरखर्च निघेल एवढी रक्कम ताईंच्या नावावर वेगळी ठेवली, उरलेली घरकर्जात भरली. बदलत्या व्याजाच्या घरकर्जात मधेच पैसे भरले म्हणून दंड लागत नाही, हे त्यांना माहीत नव्हतं. तोट्याचं दुःख गृहस्थांना झालंच. सहा-सात रविवार ते मुकाटपणे बसून असायचे, असं ताई सांगतात. उद्यमबागला अजून मंदीच आहे.

2025 मध्ये रेपो दर उतरत 5.25 टक्क्यांवर आला. व्याज घटलं की बँका बहुधा हप्ता तसाच ठेवून मुदत कमी करतात. ते चांगलंच, पण ज्याची कमाई घटलीय त्याला आज हप्ता कमी हवा असतो. व्याजदर बदलताना हप्ता आणि मुदत यांबाबत कर्जदाराला पर्याय द्यावेत, असं रिझर्व्ह बँकेनं ऑगस्ट 2023 मध्ये बँकांना बजावलं आहे. दोघं मिळून बँकेत गेले. काउंटरवर आधी "सिस्टिममध्ये होत नाही" असं उत्तर मिळालं. ताईंनी तेच लेखी मागितलं, तेव्हा अर्ज घेतला गेला आणि त्यांनी अर्जावर बँकेचा शिक्का मारून घेऊन पोच घेतली. हप्ता साधारण दोन हजारांनी उतरला.