लीगलिझमला ‘कायदेशीरपणा’ म्हणायचं का?

नागपूरच्या सदरमधल्या एका वाचकाचा प्रश्न: रविवारच्या उपदेशात पाळक ‘लीगलिझम’ (नियम पाळले की देव पावतो ही समजूत) म्हणाले, त्याला मराठीत कायदेशीरपणा चालेल का? आणि त्याच्या उलट काय, मुक्ती?

कायदेशीरपणा नको. त्याला स्टँपपेपरचा वास येतो. मोशेच्या कायद्यालाही मराठी बायबल ‘नियमशास्त्र’ म्हणतं. ‘नियमनिष्ठा’ म्हणावं तर निष्ठा लागताच तो सद्गुण होऊन बसतो. ‘शास्त्रापुरतं’ तर अगदीच उलट. शास्त्रापुरती पुरणपोळी म्हणजे नखाएवढी, नावाला. लीगलिझमवाला नावाला करत नाही, जीव तोडून करतो, आणि एवढं केलं म्हणजे देव पदरात घेईल असा हिशेब धरतो. बायबलमधलं प्रेषित पौलाचं गलतीकरांना, म्हणजे गलतियातल्या ख्रिस्ती मंडळ्यांना, पत्र ह्याच हिशेबावर आहे: ख्रिस्तावर विश्वास ठेवलात हे ठीक, पण सुंतेशिवाय भागायचं नाही, असं त्यांना कोणी तरी पढवत होतं.

माझा कौल ‘सोवळं’ला. ‘शिवू नको, चाखू नको, हात लावू नको’ असल्या नियमांना पौलाने कलस्सैकरांच्या पत्रात धारेवर धरलंय. हे सोवळं नाही तर काय? रविवार देवाचा, त्या दिवशी काम करायचं नाही, म्हणून आमची मोठी मावशी रविवारी सुईला हात लावत नसे. एकदा देवळात निघताना माझ्या शर्टाची गुंडी तुटली, तर तिनं सेफ्टी पिन लावून दिली. ‘टाका घालणं काम आहे, पिन लावणं का काम असते?’ हे शेजारच्या काकूंना सांगितलं असतं तर एका शब्दात कळलं असतं, त्यांच्याकडेही सोवळ्यातल्या पळवाटा होत्याच. लेखात मात्र ‘कर्मठपणा’ लिहा. पुण्य जमवण्याचा हिशेब त्यात जास्त येतो.

‘मुक्ती’ म्हटलं की जन्ममरणाचा फेरा आठवतो. मला ‘मोकळीक’ आवडते. मोकळीक कोणी तरी देतं, ती कमवावी लागत नाही; पौलाचं म्हणणं तेच आहे. ‘मोकाट’ होऊ नका, हेही तो गलतीकरांच्या पत्रात बजावतो.

जाता जाता: १८४५ साली नागपुरात आलेले मिशनरी स्टीफन हिस्लॉप फ्री चर्च ऑफ स्कॉटलंडचे. ते ‘फ्री’ ह्या मोकळीकीतलं नव्हे. पाळक नेमताना जमीनदारांची आणि सरकारची ढवळाढवळ नको, म्हणून १८४३ मध्ये वेगळे झाले ते हे लोक. तिथे ‘स्वतंत्र’च म्हणायचं.