वाचकांचे प्रश्न : रॉबर्ट फ्रिप यांची गिटारशाळा

पाश्चात्त्य वाद्यसंगीताविषयी या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी बरीचशी पत्रे ब्रिटिश गिटारवादक रॉबर्ट फ्रिप यांच्याविषयी होती. त्यांतील निवडक प्रश्नांची उत्तरे येथे देत आहोत.

प्रश्न : ‘किंग क्रिम्झन’ या बँडमुळे मला फ्रिप यांचे नाव ठाऊक आहे. इतका गाजलेला बँड हाताशी असताना ते मध्येच शिकवण्याकडे का वळले, आणि वादक म्हणून त्यांचे नेमके वेगळेपण कोणते? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : फ्रिप यांचा जन्म १६ मे १९४६ रोजी इंग्लंडच्या डॉर्सेट परगण्यातील विम्बोर्न या गावी झाला. १९५७ च्या नाताळात, वयाच्या अकराव्या वर्षी, त्यांच्या हाती पहिली गिटार आली. त्या वेळी आपल्याला ना सुराचा कान होता ना लयीची जाण, असे त्यांनी स्वतःच सांगितले आहे. शिवाय ते जन्माने डावखुरे असून गिटार मात्र उजव्या हाताने वाजवतात. त्यांची शिक्षणपद्धती समजून घेताना हा तपशील ध्यानात ठेवावा, कारण ज्याला संगीत आपसूक आले नाही आणि प्रत्येक गोष्ट जाणीवपूर्वक कमवावी लागली, अशा माणसाने ती घडवलेली आहे.

किंग क्रिम्झनच्या तालमी जानेवारी १९६९ मध्ये लंडनमध्ये सुरू झाल्या. ५ जुलै रोजी हाइड पार्कमधील रोलिंग स्टोन्सच्या प्रचंड मैफलीत या नवख्या मंडळींनी आपली हजेरी लावली आणि ऑक्टोबरमध्ये त्यांचा पहिला अल्बम बाजारात आला. त्यानंतरचा या बँडचा इतिहास मोडण्याचा आणि पुन्हा उभारण्याचा आहे. १९७४ मध्ये, ‘रेड’ हा अल्बम प्रसिद्ध होण्याच्या तोंडावर, फ्रिप यांनी बँड बंद केला आणि पुढे ग्लॉस्टरशायरमधील शेरबोर्न हाउस या निवासी संस्थेत १९७५-७६ चा दहा महिन्यांचा अभ्यासक्रम केला. ही संस्था आत्मविकासाची साधना शिकवणारे गुरू गुर्जिएफ यांच्या विचारपरंपरेतील जे. जी. बेनेट यांनी स्थापन केली होती. तेथे गिटार शिकवली जात नव्हती; अंगमेहनत, सामूहिक जीवन आणि चित्त एकाग्र ठेवण्याचे अभ्यास यांवर भर होता.

तेथून बाहेर पडल्यावर त्यांनी जे वाजवले, त्यात प्रयोगशील वादक म्हणून त्यांची ओळख पक्की झाली. १९७७ मध्ये बर्लिनच्या हान्सा स्टुडिओत ब्रिटिश गायक डेव्हिड बोवी यांच्या ‘हीरोज’ या गाण्यासाठी त्यांनी गिटारचे जे लांबच लांब सूर दिले, त्यांमागची युक्ती अशी होती की, स्पीकरपासून किती अंतरावर उभे राहिले असता कोणता सूर आपोआप घुमत राहतो, हे पाहून त्या त्या जागी जमिनीवर खुणा केल्या होत्या आणि ते त्या खुणांनुसार जागा बदलत होते. त्याआधीच, १९७२ च्या सुमारास, ब्रिटिश संगीतकार ब्रायन ईनो यांनी त्यांना दोन टेपरेकॉर्डरांची रचना दाखवली होती. एका यंत्रावर ध्वनिमुद्रित झालेला सूर फितीवरून दुसऱ्या यंत्रापर्यंत पोहोचतो, तेथे काही सेकंदांनी वाजतो आणि पुन्हा पहिल्या यंत्रात शिरतो, त्यामुळे एकटा वादक स्वतःच्याच सुरांचे थर रचू शकतो. ही कल्पना मुळात फ्रिप किंवा ईनो यांची नव्हे. अमेरिकी संगीतकार टेरी रायली आणि पॉलीन ऑलिव्हेरोस यांनी ती साठच्या दशकातच वापरली होती. फ्रिप यांनी मात्र ती गिटारला लावली, तिला ‘फ्रिपरट्रॉनिक्स’ असे नाव मिळाले, आणि १९७९ मध्ये मोठी सभागृहे टाळून रेकॉर्डची दुकाने, उपाहारगृहे अशा लहान जागी त्यांनी ती ऐकवली.

१९८१ मध्ये किंग क्रिम्झन नव्या रूपात उभा राहिला. एड्रियन बेल्यू आणि फ्रिप यांच्या गिटारी एकमेकींत अशा गुंफलेल्या असत की, त्यांतील एक बाजूला काढली तर दुसरी अपुरी वाटावी. १९८४ मध्ये तोही बँड थांबला आणि पुढच्याच वर्षी शाळा सुरू झाली. तेव्हा ‘मध्येच वळले’ असे म्हणण्यापेक्षा, जी गोष्ट अंगवळणी पडली ती सोडून देण्याचा त्यांचा स्वभाव शिकवण्यातही उतरला, असे आम्ही म्हणू.

प्रश्न : फ्रिप यांचे विद्यार्थी गिटार वेगळ्या पद्धतीने सुरात लावतात, असे ऐकले. ते ट्युनिंग काय आहे? मी माझ्या साध्या गिटारवर ते करून पाहू का? (एक विद्यार्थिनी, पुणे)

उत्तर : नेहमीच्या गिटारवर जाड तारेपासून बारीक तारेकडे ई, ए, डी, जी, बी, ई असे स्वर असतात. त्यांत एका जोडीचा अपवाद वगळता शेजारच्या दोन तारांमध्ये षड्ज-मध्यमाचे अंतर असते. फ्रिप यांना १९८३ मध्ये सुचलेली आणि ‘न्यू स्टँडर्ड ट्युनिंग’ या नावाने ओळखली जाणारी रचना सी, जी, डी, ए, ई, जी अशी आहे, आणि तिच्यात जाडीकडच्या पाच तारांपर्यंत सर्वत्र षड्ज-पंचम भाव आहे. शेवटची तारही याच हिशेबाने बी स्वरात जायला हवी होती. पण तितका ताण तार सोसत नाही, म्हणून ती जी वर थांबवली आहे. जाडीकडच्या चार तारा चेलोच्या स्वरांत असतात आणि मधल्या चार तारांचे स्वर, सप्तक खालचे असले तरी, व्हायोलिनचेच असतात.

आपल्या वाचकांना एक गोष्ट मौजेची वाटेल. सर्वांत जाड तारेला षड्ज मानले, तर मोकळ्या तारा सा, प, रे, ध, ग, प अशा वाजतात. म्हणजे एकही बोट न ठेवता भूपाचे पाचही स्वर हाती येतात. फ्रिप यांच्या मनात असे काही होते असे आम्ही सुचवत नाही, पण ज्याचा कान रागसंगीतावर तयार झाला आहे, त्याला हे ट्युनिंग चटकन आपलेसे वाटते.

तथापि या रचनेचे शैक्षणिक मोल तिच्या गोडव्यात नाही. ट्युनिंग बदलताच वीस वर्षे वाजवणाऱ्याच्या बोटांत बसलेला प्रत्येक कॉर्डचा आकार, प्रत्येक सवयीची तान आणि ‘इथून तिथे’ आपोआप जाणारा हात निरुपयोगी होतो, आणि तो काल गिटार विकत घेतलेल्या माणसाच्या शेजारी, त्याच बाकावर येऊन बसतो. हातांना काहीच ठाऊक नसल्यामुळे कानाला जागे व्हावे लागते. शिवाय शेजारच्या तारांच्या स्वरांतील अंतर वाढल्यामुळे स्वरसप्तक वाजवताना डाव्या हाताची चारही बोटे अधिक ताणावी लागतात, त्यामुळे बोटांची ठेवण, अंगठ्याची जागा आणि खांद्यांचा ताण हे सारे नव्याने तपासणे भाग पडते. फ्रिप यांच्या साऱ्या पद्धतीत आम्हांला सर्वांत मोलाची वाटते ती हीच युक्ती, कारण ती उपदेश न करता काम करते.

आपल्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर असे की, गिटारवर आत्ता असलेल्या तारांवर हा प्रयोग करू नये. (तारा बारीक तारेपासून मोजतात.) दुसरी तार बी वरून ई पर्यंत चढवावी लागेल आणि ती बहुधा तुटेल. सहावी तार ई वरून सी पर्यंत उतरवली की सैल पडून खडखडेल. पहिल्या दोन तारा नेहमीपेक्षा बारीक आणि सहावी अधिक जाड घ्यावी, आणि गिटार जुनी असेल तर एखाद्या जाणत्या कारागिराला आधी दाखवावी.

प्रश्न : त्यांच्या अभ्यासवर्गात प्रत्यक्ष काय चालत असे? आपल्या गुरुकुलाशी त्याचे साम्य आहे काय? काही जण त्याला पंथ म्हणतात, ते कितपत खरे? (एक संगीतशिक्षक, कोल्हापूर)

उत्तर : ‘गिटार क्राफ्ट’ या नावाने पहिला अभ्यासवर्ग मार्च १९८५ मध्ये अमेरिकेतील वेस्ट व्हर्जिनिया राज्यात, चार्ल्स टाउनजवळच्या क्लेमाँट कोर्ट या एकोणिसाव्या शतकातील वाड्यात भरला. तो वाडा तेव्हा बेनेट यांच्या अनुयायांच्या संस्थेकडे होता. पुढे हे वर्ग युरोपात आणि दक्षिण अमेरिकेतही भरत गेले. विद्यार्थी तेथेच राहत. सकाळी वाद्याला हात लावण्याआधी शांत बसून शरीर सैल सोडण्याचा अभ्यास असे. स्वयंपाकघरातील आणि साफसफाईची कामे वाटून घेतली जात. बसण्या-उभे राहण्यातील अनावश्यक ताण ओळखण्यासाठी ॲलेक्झांडर टेक्निकचे धडे असत. वाद्य म्हणजे स्टीलच्या तारांची अकूस्टिक गिटार, आणि ती पिकने, म्हणजे तार छेडण्याच्या छोट्या पट्टीने, वाजवायची. उजव्या हाताला खाली-वर अशा आलटून-पालटून आघातांची शिस्त आणि डाव्या हाताच्या चारही बोटांना सारखे काम, हे पहिले पाठ होते.

या पद्धतीचा गाभा ज्याला ‘सर्क्युलेशन’ म्हणतात त्या अभ्यासात आहे. सर्व जण वर्तुळात बसतात. एकाने एकच सूर वाजवायचा, शेजाऱ्याने त्यापुढचा, आणि अशा रीतीने सूर वर्तुळात फिरत राहतो. कोणाच्याही वाट्याला पूर्ण ओळ येत नाही, म्हणून कोणालाही स्वतःची हुशारी दाखवता येत नाही. पण एकाचे लक्ष क्षणभर ढळले तर सगळ्यांची ओळ तुटते. आपली पाळी नसतानाही ऐकत राहणे, ही गोष्ट शंभर वेळा सांगून विद्यार्थ्याच्या गळी उतरत नाही, हे आपण स्वतः शिक्षक असल्याने जाणताच. येथे ती सांगावीच लागत नाही. याच्या जोडीला, विद्यार्थ्यांना अगदी थोड्या पूर्वसूचनेवर लोकांपुढे वाजवायला पाठवण्याची प्रथा होती. त्यांच्या वाद्यवृंदाने वर्ग सुरू झाल्याच्या वर्षीच, डिसेंबर १९८५ मध्ये, वॉशिंग्टनमध्ये केलेले वादन पुढे अल्बमच्या रूपाने प्रसिद्ध झाले.

गुरुकुलाशी साम्य बाह्य आहे: एकत्र राहणे, सेवेची कामे, पहाटेचा नेम. फरक मात्र मुळाचा आहे. आपल्याकडे गुरू शिष्याला घराण्याची गायकी, बंदिशींचा साठा आणि रागाकडे पाहण्याची दृष्टी वर्षानुवर्षे देतो, आणि शिष्याच्या गळ्यातून गुरू ऐकू आला तर श्रोते त्याला गुण मानतात. गिटार क्राफ्टचा एक वर्ग सहसा जेमतेम आठवडाभराचा असे आणि फ्रिप यांच्यासारखे वाजवणे हे त्याचे उद्दिष्ट नव्हतेच. तेथून निघालेल्या कॅलिफोर्निया गिटार त्रिकुटात एक अमेरिकी, एक बेल्जियन आणि एक जपानी वादक एकत्र आले, आणि त्यांनी बाखपासून साठच्या दशकातील अमेरिकी सर्फ संगीतापर्यंत सारे वाजवले. ट्रे गन हे विद्यार्थी पुढे किंग क्रिम्झनमध्येच आले, पण ते तेथे गिटार नव्हे, तर दोन्ही हातांनी तारा दाबून वाजवण्याचे वेगळेच वाद्य वाजवत.

पंथाचा आरोप आम्ही मान्य करणार नाही, पण तो का होतो हे समजू शकतो. शिस्त, मौन, गुर्जिएफ यांच्या परंपरेतून आलेली परिभाषा आणि त्यांत फ्रिप यांची सूत्रमय वाक्ये लिहिण्याची हौस, यांमुळे बाहेरच्या माणसाला दीक्षेचा वास येतो. त्यांतील पुष्कळ सूत्रे सोडून दिली तरी पद्धतीचे काही बिघडणार नाही, असे आमचे मत आहे. उलट, पंथ सहसा आपणहून थांबत नाही. गिटार क्राफ्ट मात्र २५ मार्च २०१० रोजी, सुरुवातीनंतर बरोबर पंचवीस वर्षांनी, ठरवून बंद करण्यात आले आणि काम ‘गिटार सर्कल’ या नावाने पुढे चालू राहिले.

प्रश्न : पत्नीबरोबर स्वयंपाकघरात विनोदी वेशात रॉक गाणी वाजवणारे हेच का ते गंभीर गृहस्थ? (एक वाचक, ठाणे)

उत्तर : होय, तेच. त्यांच्या पत्नी टोया विलकॉक्स या गायिका आणि अभिनेत्री आहेत. हे व्हिडिओ २०२० च्या टाळेबंदीत सुरू झाले. मैफलीत कोणी छायाचित्र काढले तरी नाराज होणारे फ्रिप इथे कसे रमले, याचे अनेकांना आश्चर्य वाटले. पण त्या चित्रफितींत गिटारकडे पाहावे, हात तितकाच नेटका आहे.

प्रश्न : मी निवृत्त झालो आहे आणि गिटार प्रथमच हाती घेत आहे. या पद्धतीतून माझ्यासारख्याला काही घेता येईल काय? (एक वाचक, मडगाव)

उत्तर : अवश्य. त्या वर्गांत पूर्णपणे नवखे लोकही येत, आणि ट्युनिंगमुळे त्यांना जुन्या खोडी मोडाव्या लागत नसत, ही त्यांची सोयच होती. आपण मात्र प्रथम नेहमीच्याच ट्युनिंगवर शिकावे, कारण जवळचा शिक्षक, पुस्तके आणि बरोबरीचे वादक त्याच ट्युनिंगचे मिळतील. पद्धतीतून एवढेच घ्यावे : रोज सरावाच्या आरंभी पाच मिनिटे डावा हात मांडीवर ठेवून फक्त मोकळी तार पिकने खाली-वर, अतिशय सावकाश, मेट्रोनोमबरोबर (ठेका देणाऱ्या यंत्राबरोबर) वाजवावी, दोन्ही आघात सारखे ऐकू येतात का हे पाहावे, आणि मान, जबडा किंवा खांदा आवळला गेल्याचे जाणवताच वेग न वाढवता आधी तो सैल सोडावा. दोन्ही आघात सारखे ऐकू येऊ लागले की मगच डावा हात फ्रेटवर (दांडीवरील आडव्या पट्ट्यांवर) न्यावा.