शस्त्र परवाना हा हक्क आहे का? जरा सविस्तर

तुमचे प्रश्न दोन आहेत. अमेरिकेत बंदूक बाळगणं हा मूलभूत हक्क आहे, मग आपल्या घटनेत तो का नाही, हा पहिला. दुसरा घरचा: वडिलांचा पेट्रोल पंप, रोजची रोकड बँकेत न्यायची, आणि पिस्तुलाच्या परवान्याचा अर्ज दीड वर्ष पडून. 'स्वसंरक्षणाचा हक्क देता आणि साधन देत नाही, ही कसली लोकशाही?' असं तुम्ही विचारलंय. राग समजतो. पण या दोन प्रश्नांची उत्तरं एकाच दिशेला जात नाहीत.

मी वकील नाही. आमच्याकडे आजोबांपासून शेती संरक्षणाची ठासणीची बंदूक आहे, सिंधुदुर्गात. वडील गेल्यावर परवाना माझ्या नावावर झाला. त्यामुळे हा कायदा मी पुस्तकात कमी आणि नूतनीकरणाच्या रांगेत जास्त वाचलाय.

आधी घटनेचं. मूलभूत हक्कांच्या प्रकरणात शस्त्रांचा उल्लेख येतो तो एकत्र जमण्याच्या हक्कात, तोही 'शांततेने आणि विनाशस्त्र' असा. दुसरा उल्लेख कलम २५ मध्ये, शिखांच्या कृपाणाचा. बस. हे अनवधानानं झालेलं नाही. १८७८ च्या शस्त्र कायद्यानं इंग्रजांनी देशी माणसाला निःशस्त्र केलं आणि गोऱ्यांना सूट दिली, हा सल खोल होता. गांधीजींसारख्या अहिंसावाद्यानंही तो कायदा इंग्रजी राजवटीच्या सगळ्यात काळ्या कृत्यांत मोजला. म्हणून १९२८ च्या नेहरू अहवालात आणि १९३१ च्या कराची ठरावात शस्त्र बाळगण्याचा हक्क लिहिलेला आहे, अर्थात 'नियमांच्या अधीन राहून'. डिसेंबर १९४८ मध्ये ह. वि. कामतांनी घटना समितीत तशी दुरुस्ती मांडली. बाबासाहेबांनी ती मानली नाही. एकेकट्याच्या शस्त्र बाळगण्याच्या हक्कापेक्षा देशासाठी शस्त्र हाती घेण्याच्या कर्तव्यावर आपण भर द्यायला हवा, असं त्यांचं म्हणणं. दुरुस्ती पडली. फेब्रुवारी २०२३ मध्ये बेकायदा शस्त्रांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानंही, अमेरिकेसारखा हक्क आपल्याकडे नाही, हे स्पष्ट बोलून दाखवलं.

आता अमेरिकेचं. १७९१ ची दुसरी घटनादुरुस्ती म्हणजे एक वाक्य, आणि त्या वाक्याची सुरुवात नागरी सेनेपासून होते. घरात स्वसंरक्षणासाठी पिस्तूल ठेवणं हा व्यक्तीचा हक्क आहे, हे तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं ठरवलं २००८ साली, हेलर खटल्यात, पाच विरुद्ध चार मतांनी. त्याच निकालात लिहिलंय की हा हक्क अमर्याद नाही. गंभीर गुन्ह्यात शिक्षा झालेले, मनोरुग्ण, शाळा, सरकारी इमारती, ही बंधनं तशीच राहतात. २०२४ च्या रहिमी खटल्यात तर आठ विरुद्ध एक मतांनी ठरलं की घरातल्या बाईला धोका आहे म्हणून कोर्टानं ज्याच्यावर मनाई हुकूम काढलाय, त्याच्या हातून बंदूक काढून घेता येते. तेव्हा 'तिकडे मोकळीक, इकडे बंदी' असं चित्र मनात असेल तर पुसून टाका. मर्यादा दोन्हीकडे आहेत. फरक एवढाच की तिकडे का नाकारलं हे सरकारला सिद्ध करावं लागतं, इकडे का हवं हे अर्जदाराला. न्यूयॉर्कमध्येही शंभरेक वर्षं आपल्यासारखंच होतं, खास कारण दाखवा मग परवाना. २०२२ च्या ब्रूएन निकालानं ते मोडलं. मला विचाराल तर मोडायला नको होतं. पण तो वेगळा वाद.

इथून पुढे माझा जिव्हाळ्याचा विषय. आपला १९५९ चा शस्त्र अधिनियम उघडून कलम १३ चं तिसरं पोटकलम वाचा. खऱ्याखुऱ्या पीक संरक्षणासाठी ठासणीची बंदूक मागितली, किंवा संरक्षणासाठी आतून गुळगुळीत, निदान वीस इंच नळीची बंदूक मागितली, तर अधिकाऱ्यानं परवाना दिला पाहिजे अशी तिथली भाषा आहे. बाकी सगळ्याला, म्हणजे तुमच्या पिस्तुलालासुद्धा, 'सबळ कारण पटलं तर'. आणि कलम १४ सांगतं की पुरेशी मालमत्ता नाही एवढ्या कारणावरून कुणाला नाकारायचं नाही. म्हणजे कायद्याच्या नजरेत नाचणी राखणाऱ्या कुळाचा दावा बिल्डरच्या दाव्यापेक्षा वजनदार आहे! प्रत्यक्षात काय दिसतं ते तुम्हीच सांगा. बीडमध्ये डिसेंबर २०२४ मधल्या सरपंच संतोष देशमुखांच्या खुनानंतर चौकशी सुरू झाली तेव्हा एका जिल्ह्यात बाराशेच्या वर परवाने निघाले, पुढे बरेच रद्दही झाले. ती काही रानडुकरांसाठी घेतलेली शस्त्रं नव्हती.

आमची बंदूक म्हणजे काय ते सांगतो, कारण पिस्तुलवाल्यांना याची कल्पना नसते. दारू मोजून नळीत ओतायची, वर चिंधी, गजानं ठासायची, मग छर्रे, पुन्हा ठासायचं, घोड्याखाली केप (ठिणगी देणारी छोटी टोपी) बसवायची. एक बार. तोवर डुक्कर शेजारच्याच्या मळ्यात. आणि समोर आलं तरी मारता येत नाही, त्याला वनखात्याची परवानगी वेगळी लागते. आम्ही बार काढतो तो आवाजासाठी.

ही असली बंदूकसुद्धा निवडणूक लागली की पोलीस ठाण्यात जमा. २०२४ मध्ये लोकसभेची आचारसंहिता मार्चच्या मध्यापासून जूनच्या सुरुवातीपर्यंत होती, म्हणजे काजू-आंब्याचा हंगाम, वानरांची चंगळ. मग विधानसभेची ऑक्टोबर-नोव्हेंबरात, ऐन भातकापणीत. निवडणूक आयोगाची सूचना सरसकट जमा करा अशी नाही. जामिनावर सुटलेले, गुन्ह्यांचा इतिहास असलेले, पूर्वी दंगलीत सापडलेले, अशांची छाननी समितीनं छाननी करावी असं आहे. पण फोन सगळ्यांना येतो. मी जमा करतो, पावती घेतो, परत मिळते तेव्हा नळीवर गंज असतो. निवडणुकीत बंदुका कपाटाबाहेर नकोत, हे मला मनापासून पटतं. पटत नाही ते एवढंच की 'मी त्या यादीत का?' या प्रश्नाला ठाण्यात कुणी उत्तर देत नाही.

तुमचं दुखणंही तेच आहे, असं मला वाटतं. पिस्तूल मिळणं हा तुमचा हक्क नाही. पण हो की नाही हे कळणं, नाही तर का नाही हे लेखी मिळणं, आणि त्यावर अपील करता येणं, हे कायद्यात आहे. नाकारलं तर कारणं नोंदवायची आणि मागितल्यास द्यायची, सार्वजनिक हिताला बाध येत असेल तरच नाही. पोलीस अहवाल मुदतीत आला नाही तर त्याची वाट न बघता निर्णय घेण्याची मुभाही अधिकाऱ्याला आहे, कलम १३ मध्येच. दीड वर्ष गप्प बसणं मात्र कुठल्याच कलमात नाही. लोकप्रतिनिधीची चिठ्ठी आणा असं इथं एकानं सुचवलंय. कृपा करून आणू नका. चिठ्ठीवर परवाने निघतात म्हणूनच ते लग्नाच्या वरातीत वाजतात. तसा निष्काळजी बार हवेत काढला तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही, हे जाता जाता.

आणि थोडं वडीलकीनं: रोकड नेताना रस्त्यात अडवलं तर कमरेचं पिस्तूल बाहेर काढायला किती वेळ मिळेल, याचा वडिलांशी एकदा शांतपणे विचार करा. समोरच्याकडे सातपुड्यापलीकडून आलेला गावठी कट्टा असेल तर त्यानं परवान्याची वाट पाहिलेली नसते. रोज ठरलेल्या वेळी ठरलेल्या वाटेनं न जाणं, शक्य असेल तर रोकड नेणारी एजन्सी लावणं, हे आधी. तरीही हवंच असेल तर अर्जासोबत धोक्याचे कागद लावा: पूर्वीच्या तक्रारी, रोकड भरण्याच्या बँकेच्या पावत्या. शस्त्र हाताळणीच्या प्रशिक्षणाचं प्रमाणपत्रही लागेल.

मग जिल्हाधिकारी कार्यालयात (शहरात असाल तर पोलीस आयुक्तालयात) एक पानी पत्र द्या: अर्ज अमुक तारखेचा, निर्णय कळवा, नाकारला असल्यास कारणांसह आदेशाची प्रत द्या. मूळ अर्जाची पोच आहे ना तुमच्याकडे? नसेल तर आधी अर्जाचा क्रमांक शोधा आणि मग इथं लिहा, पत्राचा मसुदा करून देतो.