दोन लहान मुलं घेऊन जळगावहून विमानात चढताना आधी जावं की शेवटी?

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा: चोपड्याहून येऊन जळगावच्या विमानतळावरून हैदराबादला जायचंय, महिना मे, सोबत अकरा महिन्यांची मुलगी, साडेतीन वर्षांचा मुलगा आणि पहिल्यांदाच विमानात बसणाऱ्या सासूबाई. लहान मुलं असलेल्यांना आधी सोडतात असं ऐकलंय, तर आधी जाऊन बसावं की सगळ्यांत शेवटी चढावं?

माझं माहेर भुसावळ आणि नवऱ्याची नोकरी हैदराबादला. मुलं तान्ही असल्यापासून हाच प्रवास करत आले आहे, म्हणून मोकळेपणाने सांगते. जळगावहून, मे महिन्यात, शेवटी चढा. शेवटी म्हणजे रांग सरत आली की उठायचं, गेट बंद होताना पळत जायचं असं नाही. यामागचं कारण नीट सांगते, म्हणजे उद्या नाशिक, सुरत किंवा मुंबईहून निघालात तरी तुमचं तुम्हाला ठरवता येईल.

बजेट, म्हणजे स्वस्त तिकिटांच्या विमान कंपनीचं सगळं गणित विमान जमिनीवर किती कमी वेळ उभं राहतं यावर चालतं. उतरलेलं विमान अर्ध्या तासाच्या आसपास पुन्हा उडवायचं असतं. ज्यांना चढायला वेळ लागतो त्यांना आधी आत बसवलं की मागची रांग अडत नाही. कंपनीच्या दृष्टीने हे बरोबरच आहे. तुमचा प्रश्न मात्र वेगळा आहे. साडेतीन वर्षांच्या मुलाला एका जागी पट्टा बांधून एकूण किती वेळ बसवायचं? सगळ्यांत आधी चढलात की त्या वेळात उभ्या विमानातली पंधरा-वीस मिनिटं जास्तीची येतात. विमान हलत नाही, खिडकीतून बघण्यासारखं काही घडत नाही, आणि उड्डाणाच्या आधीच त्याचा धीर संपतो. तोच वेळ त्याने गेटसमोर काचेला नाक लावून सामानाच्या गाड्या बघण्यात घालवला, चार चकरा मारल्या, तर आत गेल्यावर तो बराच शांत बसतो.

जळगावला दुसरं कारण आहे, आणि माझ्या मते तेच मोठं. इथून उडणारी विमानं एटीआर, म्हणजे पंख्यांची. अलायन्स एअर असो की २०२४ मध्ये इथून गोवा, हैदराबाद आणि पुण्याला सेवा सुरू करणारी फ्लाय९१ असो, दोघांकडेही एटीआरच. एअरबससारख्या मोठ्या विमानाच्या शेपटीत एक छोटं वेगळं इंजिन असतं. विमान उभं असताना दिवे आणि एसी त्यावर चालतात. एटीआरला ते नसतं. जमिनीवर असताना उजव्या इंजिनाचा पंखा थांबवून नुसतं इंजिन चालू ठेवतात आणि त्यावर आतली हवा खेळवतात, नाहीतर बाहेरून यंत्र जोडतात. उभ्या एटीआरमधला गारवा तेवढ्यास तेवढाच असतो. आपल्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या आसपास जातो हे तुम्हाला सांगायला नको. उघड्या काँक्रीटवर उभं असलेलं विमान आतून तापलेलं असतं. दार बंद होऊन दोन्ही इंजिनं सुरू झाली की हळूहळू गार होतं. अकरा महिन्यांच्या बाळाला त्या उकाड्यात सगळ्यांच्या आधी नेऊन बसवण्यात काहीच फायदा नाही. टर्मिनलच्या एसीत थांबा.

एटीआरला चढायचं दार मागच्या बाजूला असतं. त्या दाराचाच जिना होतो. पायऱ्या थोड्या, पण अरुंद आणि चढ उभा. इथे घाई अजिबात नको. बाळ तुमच्या एका हातात आणि दुसरा हात कठड्याला, एवढंच. दुसऱ्या हातात पिशवी घेऊ नका. मुलाचा हात सासूबाईंकडे द्यायचा मोह होईल, पण त्या लुगड्याचा घोळ सांभाळत पहिल्यांदाच तो जिना चढणार असतील तर त्यांनाच आधार लागेल. खाली उभ्या असलेल्या कर्मचाऱ्याला सरळ सांगा, “दादा, याला वर घ्याल का?” मला आजवर कुणी नाही म्हटलेलं नाही. शेवटी चढताना मागून ढकलणारं कुणी नसतं, हाही फायदाच.

आता शेवटी चढण्यातला खरा तोटा: तोवर वरचे कप्पे भरलेले असतात. एटीआरचे कप्पे तर मुळातच लहान, चाकांची बॅग कित्येकदा मावत नाही. त्यावर उपाय एकच, हातातलं सामान कमी ठेवा. देशांतर्गत प्रवासात बहुतेक बजेट कंपन्या माणशी १५ किलो सामान खाली आणि ७ किलो हातात नेऊ देतात, पण मांडीवरच्या बाळाला वेगळं १५ किलो मिळेल असं धरू नका. तुम्हा तिघांच्या सामानातच तिचंही बसवा आणि तिकिटावरची ओळ वाचून घ्या. बिबड्या, वेफर्स, लोणचं, ठेचा हे सगळं खालच्या बॅगेत जाऊ द्या. लोणचं आणि ठेचा हातात असला तर तपासणीत अडकतो. सुकं खोबरं तर नेऊच नका, ते पेट घेणाऱ्या वस्तूंमध्ये धरतात. पॉवर बँक मात्र उलट, ती हातातच हवी. जवळ एकच पाठीवरची पिशवी ठेवा, पायाखाली मावेल एवढी. मग कप्पा भरलेला असो की रिकामा, तुम्हाला फरक पडत नाही.

जागेचं आधी पक्कं करा, नाहीतर शेवटी चढण्याचा सगळा फायदा जातो. दोन वर्षं पूर्ण व्हायची आहेत ते मूल मांडीवर, त्याला जागा नाही. दोन वर्षं झाली की पूर्ण तिकीट आणि स्वतःची खुर्ची. (कुणाचं बाळ परतीच्या तारखेआधी दोन वर्षांचं होत असेल तर परतीला त्याचं पूर्ण तिकीट काढावं लागतं, हे लक्षात असू द्या.) एटीआरमध्ये दोन्ही बाजूंना दोन-दोन खुर्च्या असतात. बाळ घेऊन तुम्ही वाटेकडेच्या खुर्चीवर, मुलगा शेजारी खिडकीपाशी आणि वाटेच्या पलीकडे सासूबाई, ही मांडणी उत्तम. मधल्या-मागच्या रांगा मागा. आणीबाणीच्या दाराची रांग मुलं असलेल्यांना देत नाहीत, आणि एटीआरमध्ये ते दार पुढे असतं.

चारही जणांचं बुकिंग एकाच पीएनआरवर, म्हणजे तिकिटावरच्या एकाच बुकिंग क्रमांकावर करा. एप्रिल २०२४ मध्ये डीजीसीएने, म्हणजे विमान वाहतुकीवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी खात्याने, विमान कंपन्यांना सांगितलं आहे की बारा वर्षांपर्यंतच्या मुलाला त्याच पीएनआरवरच्या आई-वडिलांपैकी किंवा पालकांपैकी किमान एकाच्या शेजारी जागा द्यायची. म्हणजे तुमचा मुलगा तुमच्यापासून लांब बसू नये यासाठी जागेचे जादा पैसे भरण्याची गरज नाही. काउंटरवर अडचण आली तर शांतपणे हा नियम सांगा. सासूबाईंसाठी असा नियम नाही. त्यांना पलीकडची खुर्ची हवी असेल तर थोडे पैसे भरून ती आधीच निवडा, हे मी आग्रहाने सांगेन. पहिल्यांदा विमानात बसणारं वयस्कर माणूस अनोळखी लोकांत एकटं पडलं की घाबरतं, आणि तुम्ही दोन मुलांमुळे उठून जाऊ शकत नाही.

बाळाचा जन्मदाखला मूळ किंवा स्पष्ट प्रत जवळ ठेवा. वय काउंटरवर तपासतात. बाळ सोबत असताना काउंटरला जावं लागेल असं धरूनच चाला. काउंटर साधारण एक तास आधी बंद होतो, गेट साधारण पंचवीस मिनिटं आधी. चोपड्याहून निघताना हा हिशेब ठेवा, वाटेत मुलाला उलटी झाली, गाडी थांबवावी लागली, तर हातात वेळ हवा. गेटवर पोचल्यावर तिथल्या मुलीला जाऊन सांगा, “आम्ही इथे बसलोय, मुलांमुळे शेवटी येणार.” ती लक्ष ठेवते आणि तुमच्या जिवालाही घोर राहत नाही.

आता दुसऱ्या विमानतळांचं. धुळ्याहून नाशिकच्या ओझरला किंवा नंदुरबारहून सुरतला जाणारी मंडळी बऱ्याचदा मोठ्या जेट विमानात बसतात, तिथे आत तेवढा उकाडा नसतो. सोबत नवरा किंवा भाऊ असेल तर मी वाटून घेते. पहिला पुकारा झाला की एकाने पिशव्या घेऊन आत जायचं, कप्प्यात ठेवायच्या, खुर्च्या पुसायच्या, पट्टे बाहेर काढून ठेवायचे. दुसऱ्याने मुलांना घेऊन शेवटी जायचं. बोर्डिंग पास ज्याचा त्याच्याकडे आहे ना, ते आधी बघा. बसने विमानापर्यंत नेणार असतील तर पहिल्या बसचा मोह टाळा. भरेपर्यंत ती उभी राहते, आणि बाळ कडेवर घेऊन उभ्याने तो वेळ काढणं फार जड जातं. बसमध्ये कुणी उठलं नाही तर जागा मागून घ्या, संकोच करू नका.

आधी चढणंच योग्य असतं असे प्रसंगही आहेत. मूल नवीन जागी फार बुजत असेल, गर्दीने भरलेलं विमान बघून बिथरत असेल, किंवा पाय प्लास्टरमध्ये असेल, तर आधी जाऊन त्याला जागा ओळखीची होऊ द्या. एकट्या आईजवळ हातातलं सामान जास्त असेल तरीही आधी. तुमचं तसं नाही.

सुरक्षा तपासणीत बाळाला बाबागाडीतून उचलून घ्यावं लागतं, गाडी घडी करून यंत्रातून जाते. तुमच्या प्रवासात बाबागाडी नेऊच नका असं मी म्हणेन, कडेवर किंवा झोळीत बाळ जास्त सुटसुटीत. झोळी मात्र उड्डाण आणि उतरताना सोडून ठेवायला सांगतात. बाळासाठी वेगळा छोटा पट्टा मिळतो, तो तुमच्या पट्ट्यात अडकतो. स्वतःच्या पट्ट्याच्या आत बाळाला घेऊ नका, धक्का बसला तर तुमचा सगळा भार तिच्यावर येतो. बाळाचं दूध, पेज, गरम पाण्याचा थर्मास नेऊ देतात, फक्त तपासणीच्या वेळी आधीच बाहेर काढून दाखवा.

डायपर गेटवर जाण्याआधी बदला. लहान विमानात बदलायला फळी असेलच असं नाही.

कानांचं सांगते, कारण मुलं रडतात ती बहुतेक यामुळेच. हवेचा दाब बदलतो तो गिळण्याने मोकळा होतो, आणि जास्त त्रास वर जाताना नाही, खाली येताना होतो. म्हणून विमान वर जातानाच पोटभर पाजून टाकू नका. उतरण्याआधी साधारण अर्धा तास विमान खाली यायला लागतं, तेव्हा झोपलेलं बाळ उठवून अंगावर पाजा. मुलाला त्या वेळी केळं द्या. जळगावहून निघताना केळ्याची काय कमी! पिकलेलं, मऊ, न सांडणारं, दोन्ही मुलांना चालणारं. शेंगदाणे, फुटाणे, चिक्की एवढ्या लहान मुलांना देऊ नका, घशात अडकतात. बाळाला सर्दी किंवा कानदुखी असेल तर निघण्याआधी डॉक्टरांना दाखवा. आणि झोप लागावी म्हणून कुणी सर्दीचं सिरप द्यायला सांगितलं तर साफ नकार द्या, मग सांगणारं घरातलं का असेना.

बाळ रडलं तर लोक काय म्हणतील ही चिंता तुमच्या प्रश्नातही दिसली. ताई, या विमानांत आपलीच माणसं असतात. मागच्या रांगेतली एखादी आजी “काबर रडी ऱ्हायना वं माय, आन मनाकडे दे” म्हणत हात पुढे करते, असं मी अनुभवलंय. कुणी कपाळाला आठ्या घातल्या तरी तुम्ही माफी मागत बसू नका. तुम्ही बाळाकडे बघा.

हैदराबादला उतरताना मात्र उलट करू नका. दार मागे असल्यामुळे मागच्या रांगा आधी सुटतात आणि तुम्हालाही उठावंसं वाटेल. सगळे उतरू द्या, सासूबाईंची चप्पल, मुलाची बाटली खुर्चीखाली राहिली नाही ना ते बघा, मग उठा. खाली बस थांबलेली असते, शेवटचा प्रवासी आल्याशिवाय ती हलत नाही.