पंथ सोडल्यानंतर लागलेली तिबेटची ओढ

कडक शिस्तीचा पंथ सोडून आलेली माणसे समुपदेशनाला येतात तेव्हा सुरुवातीच्या भेटींत बहुतेक जण घराबद्दल बोलतात. आई बोलत नाही, भाऊ लग्नाला बोलावत नाही, ज्यांच्यात लहानाचे मोठे झालो ती माणसे बाजारात दिसली की नजर चुकवतात. दुसरी एक काळजी मात्र ओळख वाढल्यावर, बरीच आडवळणे घेत बाहेर येते. आता आपल्याला भलत्याच कशाची तरी ओढ लागली आहे, आणि एका जाळ्यातून सुटून आपण दुसऱ्या जाळ्यात तर शिरत नाही ना, अशी ती काळजी असते. ही ओढ कोणाला विपश्यनेची असते, कोणाला सूफी गाण्याची, कोणाला नुसत्या डोंगरांची. येथे जिची हकीकत सांगते आहे तिला ती तिबेटच्या पठाराची होती. तिच्या संमतीनेच हे लिहिते आहे; नाव आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

सुलक्षा मूळची गोव्यातल्या डिचोली तालुक्यातली, वय तिशीच्या पुढे, एका रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत तंत्रज्ञ. ती लहान असतानाच तिचे आईवडील एका छोट्या, बंदिस्त पंथात गेले. पंथाचे नाव सांगण्याची गरज नाही, कारण अशी शिस्त मी निरनिराळ्या धर्मांच्या समूहांत पाहिली आहे. घरातली चतुर्थी बंद झाली, शेजाऱ्यांकडचा प्रसाद घेणे बंद झाले, पंथाबाहेरचे अवांतर वाचन बंद झाले, आणि मनात शंका आली तर ती त्याच आठवड्यात प्रमुखांसमोर उभे राहून कबूल करायची, असा नियम झाला. दहावीच्या परीक्षेत उत्क्रांतीवरच्या प्रश्नाचे पुस्तकातल्याप्रमाणे उत्तर लिहिले म्हणून तिला सर्वांसमोर क्षमा मागावी लागली होती. त्या प्रश्नाला पूर्ण गुण मिळाले होते, हे तिने मला सांगितले तेव्हा तिचा आवाज अजूनही अपराध्यासारखा होता.

पंथ सोडून ती म्हापशात भाड्याच्या खोलीत राहू लागली. नियम पाळायला सांगणारे कोणी उरले नव्हते, पण शरीर ते पाळतच होते. पहाटेच्या प्रार्थनेच्या वेळी छाती धडधडत जाग यायची. मे महिन्याच्या अखेरीस वळवाचा गडगडाट सुरू झाला की ही आपल्यासाठीच शिक्षा आहे असे वाटून ती खिडक्या लावून बसायची, आणि हे हास्यास्पद आहे हे कळत असूनही हातापायांचा कंप थांबायचा नाही. आपल्याला वेड लागते आहे का, असे तिने विचारले. अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या निदानपुस्तिकेत १९९४ पासून ‘धार्मिक किंवा आध्यात्मिक समस्या’ अशी स्वतंत्र नोंद आहे आणि ती आजारांमध्ये धरलेली नाही, हे मी तिला दाखवले. श्रद्धा गळून पडणे, श्रद्धा बदलणे, तिच्याविषयी प्रश्न पडणे यांतून होणारा त्रास खरा असतो, त्यावर काम करावे लागते, परंतु तेवढ्यावरून माणूस मनोरुग्ण ठरत नाही. जी भीती शरीरात वर्षानुवर्षे सरावाने बसवली गेली, ती उतरायलाही सराव आणि वेळ लागतो. श्वासाचे साधे व्यायाम, झोपेची शिस्त आणि भीती वाटली की ती कोणत्या प्रसंगात शिकलो ते लिहून काढणे, एवढ्यावर आमचे पहिले काही महिने गेले.

तिबेटचा विषय निघाला तो थंडीच्या हंगामात. कळंगुटला चांदीचे आणि फिरोजाचे दागिने विकणाऱ्या एका तिबेटी बाईंना तिने सहज विचारले होते, की तुमचा देश कसा आहे. त्या म्हणाल्या की त्यांनी तो पाहिलेलाच नाही, त्यांचा जन्म मुंडगोडचा. मुंडगोड आपल्या शेजारच्या, कर्नाटकातल्या उत्तर कन्नड जिल्ह्यात आहे. १९५९ मध्ये दलाई लामा भारतात आले, त्यांच्यामागून हजारो निर्वासित आले, आणि १९६६ मध्ये मुंडगोडला त्यांच्यासाठी वसाहत उभी राहिली. ल्हासाजवळच्या द्रेपुंग आणि गान्देन या मठांची पुन्हा स्थापना झाली ती याच वसाहतीत. कारवारवरून यल्लापूरकडे जाणाऱ्या पुष्कळ गोवेकरांना हे ठाऊक नसते, याची मला खंत वाटते. जिथे आपण कधी गेलो नाही तिथलेच आपण, असे इतक्या शांतपणे सांगणारी बाई पाहून सुलक्षाला रात्रभर झोप लागली नाही. तिच्या बाबतीत उलटे झाले होते. जिथे जन्म गेला तिथली ती उरली नव्हती.

त्यानंतर तिने वाचायला सुरुवात केली, आणि एके दिवशी वही घेऊन आली. शंभर पानी साधी वही, वर्तमानपत्रात गुंडाळलेली. खोलीत ती एकटीच राहत असूनही वही कपाटात साड्यांच्या खाली ठेवलेली असे. डाव्या पानावर वाचलेले, उजव्या पानावर पडलेले प्रश्न. सिंधू, सतलज आणि ब्रह्मपुत्रा कैलास-मानसरोवराच्या एकाच टापूतून निघून इतक्या वेगळ्या वाटांनी समुद्राला का जातात? सरासरी साडेचार हजार मीटरपेक्षा उंच असलेल्या पठारावर माणसे बाळंतपणे कशी निभावतात? या पठाराच्या चांगथांग भागातले पशुपालक चांगपा लोक याकच्या केसांच्या तंबूत हिवाळा कसा काढतात? मधली काही पाने हिमोग्लोबिनविषयी होती. दिवसभर रक्ततपासणीच्या यंत्राशी काम करणाऱ्या मुलीला ते सुचणारच. सखल भागातला माणूस उंचावर राहिला की त्याचे हिमोग्लोबिन वाढत जाते आणि रक्त घट्ट होते. तिबेटी लोकांचे तितके वाढत नाही. यामागे ईपीएएस-१ या जनुकाचा एक प्रकार असल्याचे २०१० मध्ये संशोधकांनी दाखवले, आणि तो प्रकार डेनिसोवन नावाच्या नामशेष मानवांकडून आला असल्याचे २०१४ मध्ये पुढे आले. या ओळींखाली तिने पेन्सिलीने लिहिले होते, ‘म्हणजे दहावीतले उत्तर बरोबर होते.’

मी तिला विचारले की या वहीत घाबरण्यासारखे काय आहे. तेव्हा तिने खरी गोष्ट सांगितली. मठातल्या सामूहिक मंत्रपठणाचे ध्वनिमुद्रण ऐकताना ती ढसाढसा रडली होती. तिचे शब्द असे होते: "मॅडम, आमच्याकडे पहाटे सगळे मिळून म्हणायचे तेव्हा असेच भरून यायचे. हे तेच तर नाही ना? मला परत कोणाच्या तरी पायाशी बसायचे आहे का?"

अशा वेळी घाईने धीर देणे सोपे असते, पण ते प्रामाणिक नसते. माझे मत मी तिला सविस्तर सांगितले. अनेक कंठ एका लयीत मिसळले की माणसाला सुरक्षित वाटते, ही शरीराची रीत आहे आणि तिला कोणत्याही धर्माचा शिक्का नाही. सुलक्षाने पंथाबरोबर भीती सोडली, तशीच ती पहाटेची सोबतही सोडली होती, आणि त्या सोबतीसाठी ती कधी रडलीच नव्हती, कारण सोडलेल्या पंथातले काही आपल्याला आवडत होते असे कबूल करणे तिला हार वाटत होते. ते रडणे शोकाचे होते. त्याला तिबेटचे बोलावणे समजण्याची गरज नव्हती, आणि त्याला घाबरून वही बंद करण्याचीही नव्हती. मला त्या वहीत उजवीकडची पाने अधिक मोलाची वाटली. ज्या मुलीला प्रत्येक शंका कबूल करून तिच्याबद्दल माफी मागायला शिकवले होते, ती आता उत्तर ठाऊक नसलेला प्रश्न लिहून त्याखाली जागा मोकळी सोडत होती.

तरीही तिची सावधगिरी मला योग्यच वाटली, आणि तिबेटचे गोंडस चित्र तिच्यापुढे उभे करणे मी टाळले. तिबेटी बौद्ध परंपरेत तर्काला मोठे स्थान आहे. मुंडगोडच्या मठांत भिक्षू रोज अंगणात वादविवाद करतात, उभा राहिलेला टाळी वाजवून प्रश्न टाकतो आणि बसलेला उत्तर देतो. विज्ञानाने एखादे बौद्ध मत खोटे ठरवले तर ते मत सोडावे लागेल, असे दलाई लामांनी स्वतः लिहिले आहे, आणि परधर्मीयांनी शक्यतो आपल्याच परंपरेत राहावे असेही ते वारंवार सांगत आले आहेत. त्याच परंपरेत गुरूवरील अढळ निष्ठेची व्रतेही आहेत, आणि पाश्चात्त्य देशांत मोठा शिष्यवर्ग असलेल्या एका तिबेटी गुरूंविरुद्ध त्यांच्याच जुन्या शिष्यांनी केलेल्या अत्याचाराच्या तक्रारी २०१७ मध्ये जगापुढे आल्या. म्हणून कोणत्याही मठात, शिबिरात किंवा अभ्यासवर्गात जाण्याआधी तिने काय पाहावे ते आम्ही मिळून ठरवले: तेथे सर्वांसमोर प्रश्न विचारता येतो का, विचारणाऱ्याला पुढच्या वेळी कसे वागवतात, पैशांचा हिशेब उघड आहे का, आणि मधूनच सोडून गेलेल्या माणसाबद्दल राहिलेले लोक कसे बोलतात. यातला शेवटचा मुद्दा मला सर्वांत विश्वासार्ह वाटतो.

याच सुमारास तिने धर्मानंद कोसंबींचा विषय काढला. साखवाळचा हा माणूस बुद्धाच्या शोधात १८९९ मध्ये घराबाहेर पडला, पुणे, काशी, नेपाळ, श्रीलंका, ब्रह्मदेश असा फिरला आणि पाली भाषेचा जगन्मान्य पंडित झाला. गोव्यातल्या घरांत हे उदाहरण अभिमानाने दिले जाते आणि ते रास्तच आहे. मला त्यात दोन गोष्टी तिच्या नजरेस आणाव्याशा वाटल्या. पहिली ही की त्यांनी ऐकीव माहितीवर विसंबून न राहता मूळ ग्रंथांची भाषा शिकण्यासाठी वर्षे घालवली. दुसरी ही की त्यांच्या मागे घरी तरुण पत्नी आणि तान्ही मुलगी होती, आणि त्या शोधाचा भार त्या दोघींनीही उचलला. सुलक्षाच्या मागे आई होती.

त्या एकदा मुलीबरोबर आल्या. पंथाच्या नियमाप्रमाणे त्यांनी यायला नको होते, तरी आल्या, याचे मोल मी जाणते. खुर्चीच्या टोकाला बसून त्या म्हणाल्या, "हें सोडलें, आतां तें धरतलें." मी त्यांना म्हटले, "मावशी, तिने अजून काहीच धरलेले नाही, ती फक्त वाचते आहे." सुलक्षाने वही त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती बराच वेळ चाळली, नद्यांच्या नकाशावर थांबल्या आणि मानसरोवर ते हेच का, एवढेच विचारले. मायलेकींमध्ये कित्येक महिन्यांनी झालेले, पापपुण्याचा उल्लेख नसलेले ते पहिले बोलणे होते. निघताना त्यांनी दबक्या आवाजात आणखी एक गोष्ट विचारली: पंथ सोडल्यामुळे मुलीचा घरातला हिस्सा जाईल, असे त्यांना कोणीतरी सांगितले होते. गोव्याच्या वारसा कायद्यात मुले सक्तीचे वारस मानली जातात आणि मालमत्तेचा अर्धा भाग अशा वारसांसाठी राखीव असतो. धर्म सोडला म्हणून तो हक्क जात नाही. तपशिलासाठी वकिलाकडे जावे, असे मी सांगितले. हा धाक दाखवून माणसांना धरून ठेवणे मला संतापजनक वाटते.

सुलक्षाचा पहिला बेत साठवलेले सगळे पैसे घालून थेट ल्हासाला जाण्याचा होता. पंथ सोडल्यानंतरच्या पहिल्या एकदोन वर्षांत नोकरी, लग्न किंवा सगळी शिल्लक यांविषयीचे मोठे निर्णय पुढे ढकलावेत, असे मी साधारणपणे सुचवते, आणि तिलाही तेच सुचवले. ती आधी मुंडगोडला जाऊन आली. वादविवाद पाहिला, मठाच्या भोजनगृहात थुक्पा, म्हणजे शेवयांचे सूप, खाल्ला आणि संध्याकाळी परतली. कोणी तिला काही स्वीकारायला सांगितले नाही, यानेच ती चकित झाली होती. पुढच्या उन्हाळ्यात तिने लडाखचे चांगथांग निवडले, कारण तिबेटी पठाराचा तो भाग भारतातच आहे आणि तेथे जाता येते.

या प्रवासाची तयारी आम्ही समुपदेशनाचाच भाग मानली, आणि त्याला कारण होते. साडेचार हजार मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या मानाने सुमारे चाळीस टक्क्यांनी कमी असतो, त्यामुळे छाती धडधडते, धाप लागते, डोके दुखते, रात्री झोप मोडते. तिला पहाटे येणाऱ्या भीतीच्या झटक्याची लक्षणेही जवळपास हीच. आधी सांगितले नसते, तर उंचावरचा तो श्वास तिने शिक्षा म्हणून वाचला असता. म्हणून आम्ही कागदावर लिहिले: लेहला, साडेतीन हजार मीटरवर, निदान दोन दिवस पूर्ण विश्रांती, डोकेदुखी आणि मळमळ असेल तर वर चढायचे नाही, चालताना तोल जाऊ लागला, बरळायला झाले किंवा बसल्या जागी धाप लागली तर मनाचे खेळ म्हणून दुर्लक्ष न करता लगेच खाली उतरून डॉक्टर गाठायचा. औषधांबाबत तिने तिच्या डॉक्टरांना विचारले. चांगथांगमधल्या हानले या गावी पहिल्या रात्री तिला जाग आली तेव्हा बोटाला लावायचे ऑक्सिमीटर तिच्या उशाशी होते. आकडा पाहिला, तो उंचीला साजेसा होता, पाणी प्यायली आणि झोपली, असे तिने मला परतल्यावर सांगितले.

आता ती आठवड्यातून एकदा ऑनलाइन तिबेटी लिपी शिकते. कोणताही धर्म तिने घेतलेला नाही आणि कधी घेईल की नाही, हे तिला ठरवावेसे वाटत नाही. वळवाच्या गडगडाटाने अजूनही दचकते, पण खिडक्या उघड्या असतात. भाऊ बोलत नाही. त्या दुःखावर आमचे काम चालू आहे, आणि ते वेळ घेईल.

अशीच काळजी तुम्हाला असेल तर नव्या ओढीबद्दल लिहायला लागा आणि निदान काही महिने तिच्याकडून कोणत्याही निर्णयाची मागणी करू नका. झोप आठवडेच्या आठवडे मोडत असेल, कामावर जाणे अशक्य झाले असेल किंवा जगणे नकोसे वाटत असेल तर मात्र थांबू नका. सरकारची टेलिमानस सेवा १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र विनामूल्य आहे, आणि गोव्यात बांबोळीच्या मानसोपचार व मानवी वर्तन संस्थेत थेट जाऊन डॉक्टरांना भेटता येते.