मावशीचं पिवळं पाकीट

प्रश्न : ताई, माझी मावशी ६८ वर्षांची आहे. २००९ मध्ये व्हिजिटर व्हिसावर कॅलिफोर्नियात फ्रीमाँटला आली ती परत गेलीच नाही, कागदपत्रं काही नाहीत. आपल्याच लोकांची मुलं सांभाळली, पोळ्या करून दिल्या. शुगर, बीपी दोन्ही आहे. २०२२ पासून तिला मेडी-कॅल (कमी उत्पन्नवाल्यांसाठीचा राज्याचा आरोग्य विमा) मिळतंय. आता रिन्यूअलचं पिवळं पाकीट आलंय आणि ती म्हणते भरायचंच नाही, आईसवाले (कागद नसलेल्यांना पकडणारे इमिग्रेशनचे अधिकारी) याच पत्त्यावर येतील. शिवाय साताऱ्यात तिच्या नावावर एक फ्लॅट आहे. काय करू? – एक भाची

उत्तर : आधी ते पाकीट उघडा आणि आत तारीख काय दिलीय ते बघा, फ्रिजवर ठेवून दिलं की महिना कसा जातो कळत नाही.

घाई का करतेय सांगते. कॅलिफोर्नियाने कागद नसलेल्यांसाठी मेडी-कॅलचं दार हळूहळू उघडलं होतं, २०१६ ला मुलं, २०२० ला पंचवीसपर्यंतची तरुण पोरं, मे २०२२ ला पन्नाशीपुढचे (तुमची मावशी यातच आली असणार) आणि जानेवारी २०२४ ला मधले उरलेले सगळे. फेडरल म्हणजे केंद्र सरकार कागद नसलेल्यांसाठी फक्त इमर्जन्सीपुरता पैसा देतं, बाकीचं सगळं राज्याच्या खिशातून. तो खर्च अंदाजाच्या बराच वर गेला आणि २०२५ च्या बजेटमध्ये ब्रेक लागला. जानेवारी २०२६ पासून कागद नसलेल्या १९ वर्षांपुढच्यांना (गरोदर बायका वगैरे सोडून) पूर्ण मेडी-कॅल नव्याने मिळत नाही. आत आहेत ते आत राहतात, पण रिन्यूअल चुकलं आणि बंद झालं तर सुधारायला ९० दिवस, ते गेले की मावशीला फक्त इमर्जन्सी मेडी-कॅल उरेल. म्हणजे शुगर चढून बेशुद्ध पडली तर हॉस्पिटलचं बिल भरतील, पण ती वेळ येऊ नये म्हणून दर महिन्याला लागणाऱ्या गोळ्या आणि शुगर तपासायच्या स्ट्रिप्सचं काय? माझ्या ओळखीचे एक काका इंडियाहून येणाऱ्यांच्या बॅगेतून गोळ्या मागवायचे, पुरवून पुरवून एक दिवसाआड घ्यायचे, शेवटी पायाचं बोट काढावं लागलं.

आता आईसचं. मावशीची भीती खोटी आहे असं मी म्हणणार नाही. जून २०२५ मध्ये अमेरिकेच्या केंद्राच्या आरोग्य खात्याने मेडी-कॅलवाल्यांची माहिती होमलँड सिक्युरिटीकडे (आईस ज्या खात्यात येतं त्याच्याकडे) दिली, त्यावरून कॅलिफोर्नियासकट वीस राज्यं कोर्टात गेली. पण तिचं नाव-पत्ता २०२२ पासून सिस्टिममध्ये आहेच ना, आता फॉर्म न भरल्याने तो पुसला जाणार नाही, फक्त औषधं जातील. तरी झोप लागत नसेल तर इमिग्रेशनच्या वकिलाशी एकदा बोलून घ्या, फुकट सल्ला देणाऱ्या संस्था बे एरियात आहेत. शेजारच्या काकूंच्या व्हॉट्सअॅपवर जाऊ नका.

फ्लॅट लपवू नका. जानेवारी २०२६ पासून ६५ च्या पुढच्यांची मालमत्ता परत मोजायला लागलेत, एकट्या माणसाला मर्यादा १ लाख ३० हजार डॉलर. राहतं घर आणि एक गाडी धरत नाहीत, पण साताऱ्याचा फ्लॅट राहतं घर नाही, तो धरला जाऊ शकतो, बँकेतले पैसेही धरतात. रुपयात ती मर्यादा कोटीच्या वर जाते, त्यामुळे वन बीएचके असेल तर मला नाही वाटत अडचण येईल. किंमत लिहा, कागद जोडा, काउंटीतल्या (जिल्ह्याच्या ऑफिसातल्या) मेडी-कॅलच्या वर्करला विचारा.

आणि हो, दातांचं काही राहिलं असेल तर आधी ते उरका, जुलै २०२६ पासून कागद नसलेल्या मोठ्यांना इमर्जन्सीशिवाय दातांचं काही मिळणार नाही. जुलै २०२७ पासूनचा मेडी-कॅलचा महिना ३० डॉलरचा हप्ता मात्र कागद नसलेल्यांपैकी १९ ते ५९ वाल्यांना आहे, मावशी सुटली!

प्रश्न : आईबाबा सहा महिन्यांसाठी सॅन होजेला येतायत. त्यांना मेडी-कॅल काढता येईल का? – एक मुलगा

उत्तर : नाही हो. ते कॅलिफोर्नियात राहायला असणाऱ्यांसाठी आहे, फिरायला येणाऱ्यांसाठी नाही. व्हिजिटर इन्शुरन्स काढा आणि बाबांना आधीपासून बीपी असेल तर जुन्या आजाराचं कलम नीट वाचा, बहुतेक वेळा क्लेम तिथेच अडकतो.